चाळीस नावांचे भेंडोळे

एका राज्यात नदीचा हुकूम राजाच्या हुकमाच्या आधी चाले. वर्षातून एकदा ती चढे, शेतांचे बांध, वाटा, खुणेचे दगड सगळे पोटात घेई, आणि काळा गाळ ठेवून आपल्या पात्रात परत जाई. मग राजाचे लेखक काठावर बसत, लेख उलगडत, आणि कोणाचे शेत कोणत्या टेकडीपासून कोणत्या झाडापर्यंत ते वाचून दाखवत. लोक ऐकत आणि आपापल्या वाटेने जात.

हे लेख लव्हाळ्याच्या पटावर लिहिलेले असत. हा लव्हाळा म्हणजे आपल्या ओढ्याकाठी वाढतो तो हातभर लव्हाळा नव्हे. दोन पुरुष उंच, तीन धारांचा, मनगटाएवढा जाड, आणि माथ्यावर हिरव्या केसांचा झुबका. नदी जिथे दलदलीत पसरते तिथे तो वाढे. दलदलीतले लोक तो कापत, सोलत, त्याचे पट करत. असे वीस पट एकाला एक चिकटवले की एक भेंडोळे होई.

त्या राज्यात मेलेल्या माणसालाही लेख लागे. माणूस गेला की त्याचे नाव एका पटावर लिहून हातात देत. तो नदीच्या काठी जाई. पहाटे वल्ह्यांवाचून एक नाव येई, तोंड झाकलेला नावाडी लेख वाचे आणि त्याला पैलतीरी नेई. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि यात कोणाला नवल वाटत नसे.

त्या राज्याच्या राजाचे नाव भद्रकेतू. तो क्रूर नव्हता. त्याला आपले नाव मोठे व्हावे असे वाटे, एवढेच. गादीवर आल्याच्या तिसऱ्या वर्षी त्याने ठरवले की दलदलीच्या मधोमध जलमहाल बांधावा आणि आपल्या पराक्रमाची प्रशस्ती लिहवून त्यात ठेवावी. प्रशस्तीसाठी त्याला लांब, निर्दोष भेंडोळे हवे होते. राजाचा मुख्य लेखक होता शारंग. पन्नाशी उलटलेला, अक्षर मोत्यांसारखे, बोलणे थोडे. राजाने त्याला लेखागारात नेले आणि एका भेंडोळ्यावर बोट ठेवले.

"हे दे."

"महाराज, हा थोरल्या महाराजांचा लेख आहे," शारंग म्हणाला.

"काय आहे त्यात?"

शारंगने सांगितले. थोरल्या महाराजांच्या काळी एकदा बांध फुटला आणि नगर बुडायला आले. तेव्हा दलदलीतले चाळीस लव्हाळेकरी त्या भगदाडात हातात हात गुंफून उभे राहिले. मागून लोकांनी लव्हाळ्याच्या मोळ्या टाकल्या, माती लोटली. बांध सांधला. नगर वाचले, ते चाळीस वाचले नाहीत. त्या लेखात त्यांची नावे होती, आणि खाली लिहिले होते की ही दलदल त्यांच्या मुलाबाळांची, तिला राजानेही हात लावू नये.

"म्हणजे हा लेख असेल तोवर माझा महाल होणार नाही," राजा म्हणाला. "धुऊन काढ."

भेंडोळ्याच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. थोरल्या महाराजांच्या मांत्रिकाने ती मंत्र म्हणत लिहवली होती. शारंगने तिचा आरंभ वाचला: हा लेख राहील तोवर या राज्यात लेख राहतील. अशा ओळी लेखांच्या शेवटी असतातच, असे त्याने मनाला सांगितले. त्याने पाण्याचा बोळा घेतला. एकेक नाव पुसले. काळे पाणी खिडकीतून नदीत फेकले, आणि पट वाळल्यावर त्यावर राजाची प्रशस्ती लिहिली. दलदलीतल्या लोकांची घरे उठवली गेली. ते दाद मागायला आले तेव्हा त्यांना विचारण्यात आले, लेख आहे का. लेख नव्हता.

ज्या दिवशी प्रशस्ती लिहिली त्याच संध्याकाळी सूर्य टेकला आणि तिची अक्षरे पटावरून उतरली. मुंग्यांसारखी रांग धरून ती भिंतीवरून खाली गेली, अंगण ओलांडून नदीत शिरली. त्यांच्या मागून लेखागारातल्या सगळ्या लेखांची अक्षरे निघाली. नगरातल्या घराघरांतून निघाली. ज्याच्या घरी एकच पत्र होते त्याच्या घरूनही निघाली. सकाळी राज्यातला प्रत्येक पट कोरा होता.

राजाने मांत्रिक बोलावले. पहिल्याने ताडपत्रावर लिहिले, ती अक्षरे संध्याकाळी गेली. दुसऱ्याने दगडावर कोरले, तो दगड संध्याकाळी गुळगुळीत झाला. तिसऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीने घाव घातले, तर ते घाव भरून आले, जखम भरते तसे. सूर्य बुडाल्यापासून उगवेपर्यंत तर कशावरही अक्षर उमटतच नसे. तिघे मान खाली घालून गेले.

आणि नदीच्या काठी मेलेली माणसे जमू लागली. नाव पहाटे येई. नावाडी हात पुढे करी, कोरा पट पाही, परत देई. नाव रिकामी जाई. माणसे तिथेच उभी राहत. ती बोलत नसत, काही मागत नसत. फक्त घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून पैलतीराकडे पाहत. घरचे लोक येत, त्यांच्या खांद्यावर उपरणे टाकत, थोडा वेळ शेजारी उभे राहून परत जात. राजमाता वारल्या तेव्हा त्याही तिथे उभ्या राहिल्या. राजाने त्यांच्यासाठी रेशमी तंबू ठोकवला. त्या आत गेल्या नाहीत. एका कोळिणीच्या आणि एका कुंभाराच्या मध्ये उभ्या राहिल्या.

मग शारंगची बायको हंसावती तापाने गेली.

तीस वर्षांच्या संसारात शारंगने हजारो लोकांची नावे लिहिली होती, बायकोचे कधी लिहिले नव्हते, तशी वेळच आली नव्हती. त्याने तिचे नाव लिहिले आणि पट तिच्या हातात दिला. संध्याकाळी अक्षरे तिच्या बोटांमधून उतरून गेली. ती काठाला जाऊन उभी राहिली. शारंग रोज तिच्याजवळ जाऊन बसे. तिचे पाय पाण्याने पांढरे पडले होते. पुराला सव्वा महिना उरला होता. पूर आला की काठावरचे सगळे वाहून जाणार होते, आणि वाहून गेलेल्यांना नावाडी कुठे शोधणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

एके दिवशी तो असा बसलेला असताना चिखलात चोच घालत एक पांढरी शराटी जवळ आली. लांब पाय, काळे डोके, कोयत्यासारखी वाकडी चोच.

"तू त्या दिवशी पाणी फेकलेस ते मी प्यायले," शराटी म्हणाली.

शारंगने विचारले, "म्हणून तू बोलतेस?"

"म्हणून बोलते. चाळीस नावे माझ्या पोटात आहेत. शेवटची ओळही आहे. ती तू अर्धीच वाचलीस."

"उरलेली काय होती?"

शराटीने पंख मिटले आणि वाचल्यासारखे म्हटले, "हा लेख पुसला गेल्यास ज्या हातांनी पुसला त्या हातांनी दलदलीतला लव्हाळा आणावा, त्याचा पट करावा, त्यावर ती नावे लिहावी, आणि ज्याच्या आज्ञेने पुसला त्याने नदीत उभे राहून ती वाचावी. मग लेख राहतील."

"मला पटावर लिहिता येते," शारंग म्हणाला. "पट करता येत नाही."

"मग शीक," शराटी म्हणाली, आणि चिखलात चोच घातली.

शारंग दलदलीकडे गेला. तिच्या कडेला, उठवलेल्या लोकांच्या झोपड्या होत्या. पहिल्या झोपडीच्या दारात एक बाई लव्हाळ्याच्या सालीचा दोर वळत बसली होती. चाळिशीची, हात काळे आणि चिरांनी भरलेले. तिचे नाव कमोदा. पट करण्यात तिच्या आईचा हात सगळ्या दलदलीत नावाजलेला होता, आणि आईचा हात तिच्यात उतरला होता. शारंगने नमस्कार केला आणि पट करायला शिकवा म्हणाला.

"पाहुणे, पटावर आता काही टिकत नाही," कमोदा म्हणाली. "दोर शिका. दोर तरी टिकतो."

"मला पटच शिकायचा आहे. माझी बायको काठावर उभी आहे."

कमोदाने दोर खाली ठेवला. "माझी आईही आहे," ती म्हणाली. "चला."

दोघे लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेल्या होडीत बसले. कमोदा काठी रोवत होती. ती वाटेत सांगत होती की कडेचा लव्हाळा पटाला चालत नाही, तो नासका असतो. खोल पाण्यातला घ्यावा, मुळाजवळचा भाग सगळ्यात चांगला. साल टाकायची नाही, तिचे दोर, चटया, वहाणा होतात. मुळे वाळवली की चुलीत जळतात. कोवळा देठ पोरे चघळतात, गोड असतो. शारंग ऐकत होता. ज्या वस्तूवर त्याने सगळे आयुष्य काढले तिच्याबद्दल त्याला काही ठाऊक नव्हते.

दलदलीच्या मधोमध, अर्ध्या बांधलेल्या जलमहालाच्या खांबांपाशी, एक म्हातारी मगर पडली होती. तिच्या पाठीवर शेवाळ होते. तिने होडी अडवली.

"इथे चाळीस घरे होती," मगर म्हणाली. "मी त्या लोकांना ओळखत होते. ते मला ओळखत होते. ही बाई त्यांच्यातली आहे. तू कोण?"

शारंगच्या मनात आले की लव्हाळेकरी म्हणावे, शिकाऊ म्हणावे. त्याने कमोदाकडे पाहिले. ती काठी धरून उभी होती.

"मी शारंग," तो म्हणाला. "त्यांचा लेख मी धुतला."

मगरीने जबडा उघडला आणि मिटला. "खरे बोललास," ती म्हणाली. "खोटे बोलला असतास तर बरे झाले असते. मला भूक होती." आणि ती पाण्यात उतरून दिसेनाशी झाली.

शारंग छातीभर पाण्यात उतरला. हात चिखलात घालून मुळाशी धरायचे आणि पिळून उपटायचे, हे कमोदाने आधीच सांगितले होते. आता ती काही सांगत नव्हती. त्याने तीस काड्या उपटल्या, होडीत रचल्या, वर चढला. कमोदाने होडी वळवली. झोपडीपाशी तिने होडी बांधली. मग आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

शारंग अंगणात बसून राहिला. ऊन वर आले. लव्हाळ्याचे माथे मलूल होऊ लागले. दुपारी दार उघडले.

"माझा बाप त्या लेखात होता," कमोदा म्हणाली. "विसा त्याचे नाव. मी सहा वर्षांची होते. त्याचा चेहरा मला आठवत नाही. नाव लेखात आहे म्हणून आई निवांत होती. लेख गेला हे कळले त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मग उठलीच नाही."

शारंगने मलूल काड्या सावलीत ओढल्या.

"लव्हाळा वाळला तर वाया जाईल," कमोदा म्हणाली. "तो ताजाच सोलावा लागतो. उठा. मी तोंडाने सांगेन. हात लावणार नाही."

अशा रीतीने पहिले काम झाले आणि दुसरे सुरू झाले.

शारंगने तिला शराटीने म्हटलेली ओळ सांगितली, आणि काड्यांचे हातभर तुकडे केले. हिरवी साल सोलली. आत पांढरा, ओला गाभा निघाला. त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या होत्या, इतक्या पातळ की मागचे बोट दिसावे. पहिल्या दिवशी त्याने बोटे कापून घेतली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघू लागल्या. त्या पाण्यात भिजवल्या. मग ओल्या फळीवर एकीला एक लावून उभ्या मांडल्या, कड कडेवर किंचित चढवून. त्यावर दुसरा थर आडवा. वर कापड घातले आणि लाकडी ठोकणीने ठोकायला लागला.

"तुम्ही मारता आहात," कमोदा दोर वळता वळता म्हणाली. "ठोका."

"फरक काय?"

"मारले तर गाभा फाटतो. ठोकले तर रस सुटतो. तो रस हाच त्याचा डिंक. त्यानेच दोन्ही थर एक होतात. दुसरे काही लावायचे नसते."

तो ठोकू लागला. दोन्ही थर एक झाले. त्यावर दगड ठेवले, ते काढून पट उन्हात वाळवला. पट चांगला दिसत होता. पण सूर्य टेकला तशा पट्ट्या सुटल्या, सालीत शिरल्या, आणि अंगणात लव्हाळ्याच्या काड्या उभ्या राहिल्या, मुळांसकट, माथ्यावर झुबके घेऊन.

त्याने दुसऱ्यांदा केला. काड्या पुन्हा उभ्या राहिल्या.

तिसऱ्यांदा त्याने उभा थर मांडला आणि हात गुडघ्यावर ठेवून बसला. दोन आठवडे झाले होते. तळहातांवर फोड आले होते. तो म्हणाला, "कमोदाबाई, लेखाच्या तळाच्या ओळीत म्हटले आहे की ज्या हातांनी पुसला त्या हातांनी. ते हात मी लावले. माझ्याकडून याहून होत नाही."

कमोदा त्या उभ्या थराकडे पाहत राहिली. पट्ट्या सरळ होत्या, कडा नेमक्या चढवलेल्या. हातातला दोर ठेवून ती उठली. तिने हात धुतले, पाण्यातून एक पट्टी उचलली, निथळवली आणि आडवी ठेवली. मग दुसरी. तिचे हात इतके भराभर चालत होते की मध्येच तिच्या आईचे हात तिथे चालले आहेत असे वाटे. आडवा थर पुरा झाल्यावर तिने ठोकणी शारंगच्या हातात दिली.

"माझ्या बापाचे नाव यावर यायचे आहे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"मला कळते," शारंग म्हणाला.

तो पट संध्याकाळी पटच राहिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी असे पाच केले, उभा थर त्याचा, आडवा तिचा. शिंपल्याने घासून ते गुळगुळीत केले, पिठाच्या खळीने एकमेकांना चिकटवले. पाच पटांचे छोटे भेंडोळे झाले. दिव्याची काजळी आणि डिंक घोटून काळी शाई केली, गेरू उगाळून तांबडी केली. बोरूच्या काडीचे टोक चावून शारंगने कुंचला केला.

तिसरे काम नावांचे होते. दोघे नदीकाठी गेले. शराटी उथळ पाण्यात एका पायावर उभी होती.

"नावे सांगितली की ती माझ्यातून जातील," शराटी म्हणाली, "आणि माझे बोलणेही जाईल. मग मला नुसते ओरडता येईल, इतर शराट्यांसारखे."

"तुला बोलणे आवडते?" कमोदाने विचारले.

"आवडते. पण माझ्या जातीत कोणी उत्तर देत नाही." तिने दुसरा पाय पाण्यात टेकला. "सुरू करण्याआधी एक विचारते. तुम्ही माणसे सबंध दिवस बोलत असता. ते कशाबद्दल?"

कमोदाने विचार केला. "पाण्याबद्दल," ती म्हणाली. "स्वयंपाकाबद्दल. कोणाचे काय दुखते त्याबद्दल. जे घरी परत आले नाहीत त्यांच्याबद्दल."

"मला वाटले होते याहून मोठे काही असेल," शराटी म्हणाली. "पण हे चांगले आहे. लिही."

शारंगने तांबड्या शाईने मथळा लिहिला, आणि काळ्या शाईत कुंचला बुडवला. शराटी एकेक नाव सांगू लागली. चांगो. दामा. नागू. रतनू. दोघे सोमे, एक थोरला, एक धाकटा. सातवे नाव विसा. कमोदा शेजारी शाईचे शिंपले धरून बसली होती. तिचा हात थांबला, शाई हेलकावली, मग स्थिर झाली. शराटी पुढे गेली. विसाव्या नावाला तिचा आवाज बसला. तिसाव्याला तो चिरका झाला. चाळिसावे नाव तिने दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा ते कळले नाही. मग दलदलीचा हक्क सांगणारे वाक्य आणि तळाची पुरी ओळ. ते झाले आणि तिने चोच उघडली तर नुसता घोगरा आवाज आला. ती काही पावले चालली, पंख पसरले आणि उडून इतर शराट्यांत जाऊन उतरली. कोणती ती, हे नंतर ओळखता आले नाही.

संध्याकाळ व्हायला एक प्रहर उरला होता. शारंग भेंडोळे घेऊन राजवाड्यात गेला. त्याने सगळे सांगितले. भद्रकेतूने भेंडोळे उलगडले आणि वाचले.

"हे मी नदीत उभे राहून वाचायचे?"

"होय महाराज."

"लोकांसमोर?"

"लोक तिथे आहेतच."

राजाने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. "दलदल परत द्यावी लागेल. महालाचे खांब उभे राहिले आहेत. यातले हे एक वाक्य गाळता येणार नाही?"

"याआधी मी आपल्यासाठी सबंध लेख गाळला," शारंग म्हणाला. "आता एक अक्षरही गाळणार नाही. आपण शिक्षा द्यावी."

राजा उठला. खिडकीपाशी गेला. तिथून काठ दिसत होता. हजारो माणसे पाण्यात उभी होती, आणि त्यांच्यात राजमाता होत्या. पाणी चढू लागले होते. पुराचे पहिले, तांबूस पाणी. राजमातांच्या गुडघ्यांपर्यंत आले होते. शेजारच्या कुंभाराने त्यांचा हात धरला होता, त्या पडू नयेत म्हणून.

"त्याचा हात धरून उभ्या आहेत," राजा हळू म्हणाला.

त्याने मुकुट काढून आसनावर ठेवला. वहाणा काढल्या. भेंडोळे घेऊन तो पायी निघाला, रक्षकांना त्याने मागेच थांबवले. काठावरच्या माणसांनी वाट दिली. तो पाण्यात उतरला, आईच्या जवळ जाऊन उभा राहिला, आणि वाचू लागला. आवाज आधी लहान होता. कोणी तरी मागून म्हणाले, ऐकू येत नाही. राजाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाळीस नावे वाचली. दलदल त्यांच्या मुलाबाळांची, तिला राजानेही हात लावू नये, हे वाक्य त्याने दुसऱ्यांदा, अधिक मोठ्याने वाचले. मग तळाची ओळ वाचली.

सूर्य टेकला. सगळे भेंडोळ्याकडे पाहत होते. राजाने ते दोन्ही हातांनी उघडे धरले होते. सूर्य पुरता बुडाला. अक्षरे हलली नाहीत. एकही हलले नाही. मग नदीतून सरसर आवाज आला, आणि काळ्या रांगा पाण्यातून वर चढू लागल्या. नगरातली अक्षरे आपापल्या घरी निघाली होती. लोकांनी पाय उचलून त्यांना वाट दिली.

पहाटे राज्यातले सगळे लेखक काठावर बसले. मेलेल्यांनी रांग केली. शारंगही बसला. ज्यांच्या पटावर नाव परत आले होते ते सरळ नावेकडे गेले, आणि काठ रिकामा होईपर्यंत नावाडी दिवसभर फेऱ्या घालत राहिला. ज्यांचे पट भिजून विरले होते त्यांची नावे पुन्हा लिहावी लागली. कमोदा आईला घेऊन आली. शारंगने आईचे नाव विचारले, कमोदाने सांगितले, त्याने लिहिले. म्हातारीने लेख घेण्याआधी शारंगच्या बोटांकडे, त्यावरच्या कापल्याच्या खुणांकडे पाहिले, आणि मग तो घेतला.

राजमाता कुंभाराच्या मागून आल्या आणि त्याच्यामागूनच नावेत चढल्या.

हंसावतीची पाळी दिवस चांगला वर आल्यावर आली. तिचा पट विरला होता. शारंगने नवा घेतला. तिला वाचता येत नसे, म्हणून लिहून झाल्यावर त्याने तिचे नाव वाचून दाखवले. तिने ते ऐकले. मग पट गुंडाळून कमरेला खोचला, बाहेर जाताना घराची किल्ली खोचत असे तसा. नावेत बसल्यावर तिने एकदा मागे पाहिले. शारंगने हात वर केला. तिच्यामागे रांगेत माणसे उभी होती, म्हणून तो परत खाली बसला आणि पुढच्याला नाव विचारले.

तिसऱ्या दिवशी काठ रिकामा झाला. पूर त्यानंतर आला.

राजाने शारंगला बोलावले आणि काय हवे ते माग म्हणाला.

"त्या भेंडोळ्याची पाठ कोरी आहे," शारंग म्हणाला. "तिथे मला एक लिहू द्यावे. हा लेख एकदा धुतला गेला होता आणि तो शारंगने धुतला."

राजाने भेंडोळे मागवले. "लिही," तो म्हणाला. "पण नुसते तुझे नाव नको. आज्ञा आधी झाली. माझे नाव आधी लिही."

शारंगने तसेच लिहिले. मग त्याने लेखागाराच्या किल्ल्या दिल्या आणि तो दलदलीत राहायला गेला. महालाचे खांब काढून लोकांनी त्यांची घरे बांधली होती. कमोदाच्या अंगणात त्याला फळी आणि ठोकणी मिळाली. पहिले कित्येक महिने त्याचे पट ती उन्हात धरून पाही आणि निम्मे बाजूला टाकी.

त्या वर्षीचा पूर ओसरला. काळ्या गाळावर लेखक बसले, त्यांनी लेख उलगडले, आणि कोणाचे शेत कुठून कुठवर ते वाचून दाखवले. लोकांनी ऐकले, खुणा रोवल्या, आणि ओल होती तोवर पेरायला सुरुवात केली.